पोलीस पाटलांचा पंचावन्न इंची प्रश्न

आमच्या गावात पानठेल्याशेजारी कडुनिंबाला बांधलेला एक पार आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील इतर गावांप्रमाणेच येथेही कोणत्याही मोठ्या खरेदीची पहिली चर्चा घरात होत नाही, ती पारावर होते. डिसेंबरातील एका संध्याकाळी, कापसाचे दोन वेचे विकून झाल्यावर, पोलीस पाटलांनी ५५ इंची टीव्ही घेण्याचा बेत जाहीर केला आणि कोणत्या कंपनीचा घ्यावा एवढेच विचारले. त्या एका प्रश्नापायी आम्हाला शेकोटीत तीन वेळा पऱ्हाटी घालावी लागली.

पहिला कौल निवृत्त गुरुजींनी दिला, आणि तो अपेक्षेप्रमाणे सोनीच्या बाजूने होता. चित्राचे रंग नैसर्गिक हवे असतील आणि क्रिकेटचा चेंडू धावताना शेपूट सोडू नये असे वाटत असेल, तर चार पैसे जास्त मोजावेत, असे त्यांचे म्हणणे होते. कृषी केंद्राचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, लगेच उसळले. सोनीच्या ५५ इंचाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात टीसीएल किंवा हायसेन्सचा ६५ इंची येतो, मग निव्वळ नावासाठी दहा इंच का सोडायचे, हा त्यांचा रोकडा सवाल होता. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे कराआधी ४०,००० रुपये किंमत असलेला टीव्ही ५१,२०० ऐवजी ४७,२०० रुपयांना पडतो, आणि हे वाचलेले चार हजार पुन्हा इंचांतच घालावेत, असा त्यांचा हिशेब होता.

पाटलांचा पुतण्या पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टीत आला की पारावर बसतो. नावावरून चाललेला हा वाद मुळातच चुकीच्या जागी चालला आहे, असे त्याने सांगितले. टीव्हीत सर्वांत महागडा भाग म्हणजे पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, आणि दर्शनी पट्टीवर ज्याचे नाव असते त्यानेच ते बनवलेले असते असे नाही. सोनी आणि सॅमसंग यांचा एलसीडी पॅनेलचा कारखाना २००४ पासून भागीदारीत होता आणि २०१२ साली सोनीने आपला हिस्सा सॅमसंगलाच विकला. आज सॅमसंगही मोठी एलसीडी पॅनेल बाहेरून घेते आणि त्यांत चिनी कारखान्यांचा वाटा मोठा आहे. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय २०१८ पासून हायसेन्सच्या ताब्यात आहे, तर कोडॅक आणि थॉमसन या नावांचे टीव्ही परवान्यावर आपल्याच देशातील एक कंपनी बनवते. हे ऐकून गुरुजी थोडा वेळ गप्प झाले. त्यांच्या घरी आलेला पहिला रंगीत टीव्ही औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचा होता आणि ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे त्यांनीच पुढे आम्हाला सांगितले. मात्र पॅनेल विकतचे असले तरी त्यावर चित्र कसे बसवायचे ते आत बसवलेली कंपनीची चिप म्हणजे प्रोसेसर ठरवतो आणि कमअस्सल चित्र सावरण्यात सोनीचा हात अजूनही चांगला आहे, हा आपला मुद्दा त्यांनी सोडला नाही. माझ्या मते तो मुद्दा खरा होता, आणि पुढची सगळी चर्चा त्याच्याच भोवती फिरली.

कारण पाटलांच्या घरी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशाची छत्री आहे. दर महिन्याला पैसे भरणे त्यांच्या स्वभावात बसत नाही. फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या असतात, आणि ४के टीव्हीच्या पडद्यावर मात्र ३८४० बाय २१६० ठिपके असतात. मी शेकोटीजवळ काडीने मातीत हिशेब मांडला. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर असते, म्हणजे साध्या वाहिनीचा एकेक ठिपका त्यावर जवळजवळ १.७ मिलिमीटरचा होतो, साधारण मोहरीच्या दाण्याएवढा. टीव्ही हे दाणे तसेच दाखवत नाही, तो ते एकमेकांत कालवून पसरवतो, त्यामुळे आपल्याला दाण्यांऐवजी धुरकटपणा दिसतो, आणि त्यात माणसाच्या डोक्यावरचे केस टोपीसारखे एकसंध वाटू लागतात. पाटलांच्या बैठकीत भिंतीपासून दिवाणापर्यंतचे अंतर नऊ फूट आहे. त्या अंतरावरून हा धूर डोळ्यांना नक्की दिसेल. याउलट, ५५ इंची पडद्यावर फुल एचडी (१९२० बाय १०८० ठिपके) आणि ४के यांतील फरक निकोप डोळ्यालाही सात फुटांच्या पलीकडून फारसा कळत नाही. तात्पर्य, ज्या ४के साठी दुकानदार पैसे मागतो ते त्या दिवाणावरून दिसणार नाही, आणि जे दिसेल त्याबद्दल दुकानात कोणी बोलणार नाही.

भाऊंना हे पटले नाही. पोरे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ४के लावतील, असे ते म्हणाले. ४के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स किमान १५ एमबीपीएसचा वेग सुचवते आणि आमच्या गावात संध्याकाळी सातनंतर फोटो पाठवायलाही माणूस गच्चीवर जातो, एवढे सांगून पुतण्याने तो विषय मिटवला.

मग क्यूएलईडी आणि ओएलईडी यांचा गोंधळ निघाला. पाटील आदल्या आठवड्यात शहरातील एका दुकानात जाऊन आले होते आणि आपण ओएलईडी पाहिला अशी त्यांची समजूत होती, पण त्यांनी सांगितलेली किंमत ऐकताच तो क्यूएलईडी असणार हे उघड झाले. इंग्रजीतील ‘ओ’ला शेपूट फुटले की ‘क्यू’ होतो, आणि किंमत निम्म्याहून खाली येते. क्यूएलईडी हा मुळात मागून दिवा लागणारा एलसीडीच असतो, फक्त रंग खुलावेत म्हणून त्यात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर घातलेला असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र ती चैन अंधाऱ्या खोलीतली आहे. पाटलांच्या बैठकीचे दार पूर्वेला असून ते दिवसभर उघडे असते, तेव्हा तेथे गडद काळ्यापेक्षा भरपूर उजेडाचा पडदा अधिक कामाचा, यावर सर्वांचे एकमत झाले. त्या संध्याकाळचे हे एकमेव एकमत होते.

पॅनेलच्या जातीवरून पुन्हा दोन तट पडले. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूला बसून पाहिले की चित्र फिके पडते. आयपीएसमध्ये काळा रंग राखाडीकडे झुकतो, पण चित्र कडेने पाहणाऱ्यालाही बरेचसे तसेच दिसते. पुतण्या व्हीएच्या बाजूने होता, कारण पुण्यात तो आणि त्याची बायको असे दोघेच टीव्हीसमोर बसतात. येथे मॅच असली की पाटलांच्या बैठकीत सतरंजीवर वीस माणसे बसतात आणि उशिरा आलेला दाराच्या चौकटीला टेकून पाहतो. मी आयपीएसचा आग्रह धरला. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत ४३ इंचाला एक आणि ५५ इंचाला दुसरे पॅनेल असू शकते, म्हणून कंपनीवरून जात ओळखता येत नाही. दुकानात टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहावे आणि चेहऱ्यांचा रंग उतरतो का ते पाहावे. दुकानातील चकचकीत नमुना चित्रफीत बंद करून फ्री डिशची एखादी वाहिनी लावायला सांगावी. दुकानदार कुरकुर करतो, पण लावतो.

एवढा वेळ विडी ओढत बसलेले आमचे वायरमन तेव्हा बोलले. ‘पाटील, टीव्ही पाहाचा आहे का नुसता टांगाचा?’ त्यांना रंगात रस नव्हता. हल्लीच्या टीव्हीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे कमी दाबाने तो सहसा मरत नाही. खरा घात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्यावर होतो, कारण तेव्हा घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब शिरू शकतो. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की नुसते बटन बंद करून भागत नाही, प्लग उपसावा लागतो आणि छत्रीकडून आलेली केबलही काढावी लागते. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ४० अंशांपर्यंत दिलेले असते, आणि वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. त्यावर उपाय म्हणून कूलरचा झोत थेट टीव्हीवर सोडणारी घरे त्यांनी पाहिली होती, आणि आत ओल शिरून गंजलेली बोर्डेही.

दुरुस्तीचा विषय मात्र मी काढला, कारण तो माझा भोग होता. माझ्या टीव्हीचा अर्धा पडदा चौथ्या वर्षी काळवंडला. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. त्यांचा माणूस अकराव्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून आला, त्याने मोबाईलचा उजेड पडद्यावर टाकून पाहिला, पॅनेल गेल्याचे सांगितले आणि नव्या टीव्हीच्या जवळपास जाणारा आकडा कागदावर लिहून दिला. पुढे तालुक्याच्या मेकॅनिकने तोच टीव्ही टेबलावर गादी अंथरून उपडा ठेवला, मागचे झाकण काढले आणि जळालेली दिव्यांची पट्टी मला बोटाने दाखवली. मणी ओवावेत तशा तिच्यावर लहान लहान एलईडी होत्या आणि त्यांतील दोन तपकिरी झाल्या होत्या. पट्ट्या बदलून टीव्ही आजही चालू आहे. तेव्हापासून मी पडद्यामागच्या दिव्याचा उजेड सेटिंगमध्ये निम्म्यावर ठेवतो, म्हणजे पट्ट्या जास्त टिकतात. पाटलांना मी एवढेच म्हणालो की आर्वीच्या त्या मेकॅनिकला ज्या कंपनीच्या पट्ट्या सहज मिळतात, ती कंपनी त्यांच्या यादीत वर असावी. गुरुजींना हा निकष फार खालच्या दर्जाचा वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेप घेऊन पाटलांच्या घरी गेलो. शोकेसमधील टीव्हीचा कप्पा ४० इंच निघाला, आणि ५५ इंचाची रुंदी तर ४८ इंच. भिंतीवर टांगावा म्हटले तर भिंत मातीच्या जोडाईची, वरून फक्त सिमेंटचा गिलावा. वायरमनने एका ठिकाणी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला तर तो वीतभर आत गेला. तेथून ते परसात गेले आणि अर्थिंगचा खड्डा उघडून बसले. अर्थिंगला ओल लागते, आणि त्यात तर ओलाव्याचा मागमूस नव्हता. काकूंनी न बोलता त्यात दोन घागरी पाणी ओतले आणि पाटलांनी सुताराला फोन लावला.