खेळाचं नाणं डबीत कशाला?

खेळाचं स्मारक नाणं म्हटलं की आता मखमली डबी, आत चांदीचं शंभराचं नाणं आणि छापील किमतीच्या कितीतरी पट भाव. मला हे पटत नाही. नाणं खिशात खुळखुळलं पाहिजे, चहाच्या गाड्यावर सुट्ट्यात आलं पाहिजे.

1982 च्या दिल्ली एशियाडला शंभराचं नाणं निघालं, पण चार आण्याचंही निघालं. जंतरमंतर, वर सूर्य. भिंगाखाली बारीक हिरा दिसला तर मुंबईच्या टांकसाळीचं, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. 2011 ला चार आणे बाद झाले आणि तेही व्यवहारातून गेलं. (त्याचे लाखो मिळतात म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांनो, असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनंच इशारा दिलाय. थांबा आता.)

2010 च्या कॉमनवेल्थचं दोन रुपयाचं नाणंही चलनात होतं. त्या स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं नेमबाजीत जोडीच्या पिस्तुल प्रकारात सुवर्ण घेतलं, तेजस्विनी सावंतनं रायफलमध्ये रौप्य. ते नाणं गल्लीतल्या दुकानात सुट्टे म्हणून हातात यायचं, ही मला भारी गोष्ट वाटते.

लंडननं 2012 ला 50 पेन्सची 29 नाणी काढली, एकेका खेळाला एक. फुटबॉलच्या नाण्यावर चक्क ऑफसाइडचा नियम आकृती काढून समजावलाय! पेठेत मॅच बघणाऱ्या निम्म्या लोकांना ते नाणं वाटायला पाहिजे. कुस्तीचं तर सगळ्यात कमी निघालेल्यांपैकी एक, साधारण सव्वाअकरा लाख.

डबीतलं म्हणून एकच नाणं मला हवंय. 1952 च्या हेलसिंकीसाठी फिनलंडनं काढलेलं 500 मार्काचं, चांदीचं. आधुनिक ऑलिम्पिकचं पहिलं नाणं ते. त्याच हेलसिंकीत आपल्या राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ मारलं, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले म्हणून. इथं माझा नियम मोडला तरी चालेल.

2030 चे कॉमनवेल्थ खेळ अहमदाबादला आहेत. तेव्हा सरकारनं चांदीची खुशाल काढावीत, पण दोनाची आणि पाचाचीही भरपूर पाडावीत. आणि एकावर कुस्तीतला ढाक डाव मारणारा मल्ल पाहिजे. चित्र नीट जमत नसेल तर कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानात येऊन बघून जा म्हणावं.