‘अठराच्या आत सगळं माफ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे सांगली-मिरजेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोबत तीन पोरांचा फोटो, चेहरे उघडे. मजकूर थोडक्यात असा : अठराच्या आत असाल तर खूनही माफ. जामीन मागायच्या आधीच मिळतो, पुण्यात तर एकजण निबंध लिहून सुटला. रिमांड होम म्हणजे सरकारी पाहुणचार. असल्यांना हक्क कसले, पोलिसांनी चार दिवस लॉकअपमध्ये ठेवून सोलून काढावं. आणि शेवटी : फोटो पुढे पाठवा, गावाला कळू दे.

माझ्याच नात्यातल्या तिघांनी मला तो पाठवला. मी सांगलीत वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून येणारी मुलांची प्रकरणं, अठराच्या आतल्या आरोपींची चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे चालवते. ज्यांच्या घरातलं माणूस कोयत्याने गेलं त्यांचा संताप मला समजतो, त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो खोट्या माहितीशी.

आधी ‘खून माफ’. बाल न्याय कायदा २०१५ चा, अमलात आला जानेवारी २०१६ मध्ये. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो या कायद्यात ‘घृणास्पद गुन्हा’. खून त्यात येतो. असा गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलावर असेल तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करतं : गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची समज, घडलं त्या वेळची परिस्थिती. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीचं) जाऊ शकतं आणि तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी होत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप होत नाही. बाकी शिक्षा होते. एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा ‘सुरक्षित ठिकाणी’ राहतो, मग त्याच्यात किती बदल झाला ते तपासून उरलेल्या शिक्षेसाठी त्याला तुरुंगातही पाठवता येतं. याला माफी म्हणत नाहीत.

आता जामीन. पुण्याच्या मे २०२४ च्या त्या अपघातात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले, आणि त्याच्या जामिनातली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट वाचून मलाही चीड आली होती. पण तो मुलगा निबंध लिहून घरी बसला हे अर्धंच खरं. काही दिवसांतच त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. जामीन कायम असताना आत ठेवणं बेकायदा आहे म्हणून जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. त्या एका श्रीमंत घरावरून इथल्या पोरांचा हिशेब मांडू नका.

इथलं काय होतं ते सांगते. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायची कारणं तीनच : बाहेर जाऊन तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. ती कारणं मंडळाने लेखी द्यायची असतात. जामीनदार हवाच असंही नाही, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखालीही सोडता येतं. तरी कागदावर जामीन झालेली पोरं आत राहतात. का? आई ऊसतोडीला, बापाचा पत्ता नाही, आणि सातबारा असलेला जामीनदार कुठून आणायचा? एका आईने मला मंडळाच्या दारात विचारलं, “ताई, जामीन झाला म्हंता, मग पोरगं घरी का येईना?” माझ्याकडे त्या दिवशी धड उत्तर नव्हतं. कायद्याकडे आहे. जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटच बदलून घ्यायची. ही तरतूद किती पालकांना ठाऊक आहे? वकीलसुद्धा ती विसरतात, हे मी माझ्या व्यवसायाबद्दल लाजेने लिहिते आहे. मेसेज म्हणतो जामीन मागायच्या आधी मिळतो. मी मिळालेला जामीन हातात घेऊन फिरणाऱ्या आया बघते.

‘पाहुणचार’ म्हणणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. आपण सरसकट ज्याला रिमांड होम म्हणतो ते निरीक्षणगृह असतं. तिथली मुलं चौकशी चालू असलेली, त्यांच्यावरचं काहीही अजून सिद्ध झालेलं नसतं. दोषी ठरलेल्यांसाठी विशेष गृह वेगळं. जेवण, कपडे, अंथरूण, औषधपाणी, शाळा, समुपदेशन, आईवडिलांची भेट हे सगळं कायद्याने द्यायचंच आहे. कुलूपबंद ठेवलेल्या पोराला वही-पुस्तक आणि ताटात भाजी मिळाली, तर कुणाचं काय गेलं? चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यातही संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. मंडळाने महिन्यातून एकदा तरी स्वतः जाऊन गृहाची पाहणी करायची. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतली तक्रारपेटीची तरतूद मला सगळ्यात शहाणी वाटते : पेटी मुलांच्या हाताशी, किल्ली मात्र गृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच खिशात किल्ली राहू नये, एवढं साधं त्यामागे आहे. आपलं पोरगं आत असेल तर भेटीला जाल तेव्हा पेटी कुठे आहे ते विचारा.

‘लॉकअपमध्ये ठेवून सोलून काढा’. अल्पवयीनाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचं. बेडी नाही, साखळी नाही, जबाबावर सही घ्यायची नाही, त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यात हवा. वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा. गृहातल्याच कुणी मुलाशी क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. हे हक्क आकाशातून पडलेले नाहीत. देशभरच्या तुरुंगांत मोठ्यांबरोबर डांबलेल्या मुलांसाठी मुंबईच्या पत्रकार शीला बर्से सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मुलांना तुरुंगात ठेवू नका असं न्यायालयाने १९८६ मध्ये बजावलं. आणि मार खाऊन दिलेल्या कबुलीने खरा गुन्हेगार सापडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मंडळात येऊन बसावं. सोळा वर्षांचं पोरगं मार चुकवायला काहीही कबूल करतं. मी ऐकलंय.

मेसेजमध्ये एका माणसाचा उल्लेखच नाही : पोराच्या हातात कोयता देणाऱ्या ‘भाई’चा. ‘तू अठराच्या आत आहेस, तुला काय होत नाही’ हे पोराला आधी तोच सांगतो, आणि हा मेसेज त्याचंच वाक्य गावभर पोचवतो. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला कलम ८३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. तुमच्या गल्लीतला भाई कोण ते तुम्हाला माहीत असतं. त्याचा फोटो कुणी पाठवत नाही.

राहिला तो फोटो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र कुठल्याही माध्यमातून उघड करणं गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइल त्यातून सुटत नाही.

मागे मी एका मुलाचं प्रकरण चालवलं. मारामारीचं होतं, मंडळाने परिविक्षेवर सोडलं. वर्षभर तो नेमाने परिविक्षा अधिकाऱ्याकडे जात राहिला, आयटीआय केलं. नोकरीचा अर्ज घेऊन आला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं : यापूर्वी गुन्हा दाखल झाला आहे का? “ताई, हितं काय लिहू?” मी त्याला कलम २४ वाचून दाखवलं. अशा मुलाला त्या निकालापायी कुठलीही अपात्रता लागत नाही आणि मुदतीनंतर त्याची कागदपत्रं नष्ट करायची असतात. त्याने ‘नाही’ लिहिलं. मग खिशातून मोबाइल काढून, त्याच्या गावच्या ग्रुपवर अजून असलेला स्वतःचा फोटो मला दाखवला.