पाम तेल सोडलं की जंगल वाचतं?

दिवाळीच्या फराळाच्या याद्या सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ओरांगउटानच्या पिल्लाचा फोटो, मागे पेटलेलं रान आणि खाली चार वाक्यं: ‘इंडोनेशियाची वर्षावनं फक्त पाम तेलामुळे संपत आहेत. तिथले अडाणी शेतकरी जंगल जाळतात. पाम तेल सोडून सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरा. तुम्ही सोडलंत की जंगल वाचलं.’ पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते, म्हणून गेली दोन वर्षं मी गप्प होतो. यंदा एकेक वाक्य घेतो.

‘फक्त पाम तेलामुळे.’ यातला ‘फक्त’ काढा, मग भांडण नाही. जगातलं सुमारे 85 टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि सुमात्रा-बोर्निओत त्यासाठी जंगल तुटलं हे उघड आहे. पण त्याच्या आधी तिथे लाकूडतोड पोचली होती. पुढे कागदाच्या लगद्यासाठी बाभळीच्या जातीची लागवड झाली, कोळशाच्या खाणी आल्या.

आणि एक गोष्ट तर भाताची आहे. 1996 मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानात, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, दहा लाख हेक्टर दलदलीचं जंगल भातशेतीखाली आणायचं ठरवलं. तिथली जमीन म्हणजे पीट: हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा आणि लाकूड, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाणी काढायला चार हजारांहून अधिक किलोमीटरचे कालवे खणले. भात पिकला नाही, दोन-तीन वर्षांत योजना गुंडाळली, कालवे मात्र तसेच राहिले. पाणी उतरलं तसं पीट वाळलं. वाळलेलं पीट एकदा पेटलं की वरून विझलेलं दिसतं आणि आत धुमसत राहतं. वरून कितीही पाणी मारा, जोरदार पाऊस पडेपर्यंत ते शांत होत नाही. 1997 ला तेच झालं. 2015 ला पुन्हा झालं, आणि त्या वर्षी देशभरात 26 लाख हेक्टर जळालं. फोटोतला धूर बऱ्याचदा या जमिनीचा असतो. त्याचा उगम तेलाच्या कढईत नाही, एका सरकारी हुकमात आहे.

‘अडाणी शेतकरी.’ राब भाजणं आणि वणवा लावणं यातला फरक कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बोर्निओतले दायाक लोकही पिढ्यान्‌पिढ्या मोजकं रान भाजून भात पेरत आले. इंडोनेशियात तेलताडाची, म्हणजे पाम तेलाच्या झाडाची, सुमारे 40 टक्के लागवड छोट्या शेतकऱ्यांची आहे आणि त्यांच्यातही जंगल तोडणारे आहेत, ते झाकत नाही. पण हजारो हेक्टरचे परवाने शेतकऱ्याच्या झोपडीत निघत नाहीत.

आता मेसेजमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य: सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरा. तेलताड हेक्टरी साधारण तीन ते चार टन तेल देतो. सूर्यफूल पाऊण टनाच्या आसपास, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. म्हणजे तेवढंच तेल हवं तर चारपट ते सातपट जमीन लागणार. ती कुठून येणार? आपलं आयातीचं सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं, आणि ब्राझीलमध्ये सोयाबीनने सेराडोची गवताळ राने गिळलीच आहेत. बोर्निओचं जंगल वाचवायला सेराडो विकायचं, हा कुठला हिशेब?

‘तुम्ही सोडलंत की वाचलं.’ भारत जगातला सगळ्यात मोठा पाम तेल आयातदार आहे, त्यामुळे आपलं वजन नक्कीच आहे. फक्त ते घरच्या डब्यात नाही. पामोलिन जातं हॉटेलात, फरसाणात, बिस्किटात. साबणातही पाम असतंच. चहाबरोबरचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ‘खाद्य वनस्पती तेल’ यापुढे कंसात बहुतेक वेळा पामच सापडेल.

मग करायचं काय? तेलताडाचा घड वीस-पंचवीस किलोचा, त्यात बोराएवढी शेकडो फळं. ती एक-दोन दिवसांत गाळली नाहीत तर तेल खवट होतं, म्हणून गिरणी बागेपासून लांब असूच शकत नाही. गिरणी कळली की आसपासचं कुठलं जंगल धोक्यात आहे ते उपग्रहावरून दिसतं. काही मोठ्या कंपन्या आपल्या गिरण्यांच्या याद्या जाहीर करतात. आपल्या बिस्किटवाल्याला एक मेल टाकून विचारा: तुमची यादी कुठे आहे? आरएसपीओ, म्हणजे जंगल न तोडता पिकवलेल्या पाम तेलाला प्रमाणपत्र देणारी संस्था; तिचा शिक्का बिनचूक नाही, पण त्याबद्दल विचारणारं गिऱ्हाईक आपल्याकडे दिसतच नाही. आणि तेल बदलण्यापेक्षा कमी करा. आयसीएमआरची शिफारस माणशी वर्षाला 12 किलोची आहे, आपण कधीच तिच्या पुढे गेलो. (आमच्या घरची चकली मी यात धरलेली नाही.)

सरकारांना हे जमत नाही असंही नाही. ब्राझीलच्या अॅमेझॉनमध्ये 2004 साली 27,772 चौरस किलोमीटर जंगल तुटलं, 2012 साली 4,571. उपग्रहाची नजर, दंड, जंगलतोड्यांचं कर्ज बंद, आणि जंगल तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांनी 2006 साली केलेला करार. इंडोनेशियातही नव्या परवान्यांवर बंदी आल्यावर, विशेषतः 2016 नंतर, तोड बरीच उतरली.

एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. 2021 मध्ये आपल्या सरकारने 11,040 कोटींची तेलताड मोहीम मंजूर केली, भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. मिझोरममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाजवळ पक्षी मोजले गेले, तेव्हा झूम शेतीनंतर (रानाचा तुकडा भाजून केलेली फिरती शेती) पडीक सोडलेल्या रानात तेलताडाच्या बागेपेक्षा जंगलातले पक्षी कितीतरी जास्त मिळाले. तो अभ्यास 2016 साली छापून आला होता.