बॅगांपाशी कोण?

प्रत्येक कुटुंबात एक माणूस बॅगांपाशी बसण्यासाठीच जन्माला आलेला असतो. त्याची निवड कुणी, कधी आणि काय बघून केली हे त्यालाही माहीत नसतं. लग्नकार्यात तो दागिन्यांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून असतो, दवाखान्यात फायलींपाशी, स्टेशनवर सामानापाशी. आमच्याकडे हा मान माझा. सासरच्या मंडळींनी इमॅजिकाला जायचं ठरवलं तेव्हा तिकिटं किती काढायची यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली. माझं काढायचं का, यावर जरा जास्तच. शेवटी "आत आल्याशिवाय ते बॅगा कशा धरणार?" या मुद्द्यावर माझं तिकीट निघालं.

खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ साली सुरू झालं. आत अरबस्तान आहे, अमेरिका आहे, युरोप आहे. या सगळ्या ठिकाणच्या बाकांविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. ऊन सरकेल तसा मी खंड बदलत होतो.

अशा ठिकाणी सामानाला लॉकर मिळतो, हे मी दबक्या आवाजात सुचवून पाहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "घरचा माणूस असताना लॉकरला कशाला पैसे?" त्या क्षणी मी माणसातून उठलो आणि फर्निचरमध्ये जमा झालो.

मग एकेक वस्तू माझ्या अंगावर येऊ लागली. सासूबाईंची पर्स. तिच्यात आणखी एक पर्स, तिच्यात दुधाची धुतलेली पिशवी, पिशवीत रुमालाची गाठ आणि गाठीत घरच्या कपाटाची किल्ली, जी घरी ठेवली तर चोराला सापडेल म्हणून सोबत आणलेली. मेहुण्याचा कॅमेरा ("दाजी, याच्यावर बसू नका"), मेहुण्याचा गॉगल ("याच्यावर तर नकोच"). बायकोने मंगळसूत्र काढून माझ्याच गळ्यात घातलं, कारण हात मोकळे नव्हते. पाण्याच्या बाटल्या, भाच्याची अर्धी खाल्लेली फ्रँकी आणि सगळ्यांचे मोबाइल.

मोबाइल हे सामान नसतं, ती जबाबदारी असते. ते वाजतात. मेहुण्याचा वाजला तेव्हा तो वर नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरमध्ये बसला होता. पलीकडे त्याचे साहेब. मेहुण्याने पोटदुखीची रजा टाकल्याचं मला साहेबांकडूनच कळलं. मी म्हणालो, "हो, झोपलाय, बरंच दुखतंय." नेमकी तेव्हाच गाडी डोक्यावरून गेली आणि मेहुण्याची "आई गंऽऽऽ" अशी आरोळी फोनमध्ये शिरली. साहेब हळहळले. म्हणाले, उद्याही येऊ नका म्हणावं.

नायट्रो म्हणजे तिथला सगळ्यांत दांडगा. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा माणूस उलटा, आणि पायाखाली फरशीच नाही. पाय हवेत लोंबतात. चपला निसटतील म्हणून सासूबाईंनी सगळ्यांच्या चपला माझ्यापाशी जमा केल्या. बूट घालून आलेला मेहुणा तेवढा सुटला. पण सगळ्यांत शेवटी आले ते अण्णा. अण्णा म्हणजे बायकोचे मामा, उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेली. त्यांनी पाठ फिरवून तोंडात बोटं घातली, कवळी काढली, नॅपकिनात गुंडाळली आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली. "बॅगेत नको, दावईबापू. हितंच अशू दे."

खाली आल्यावर बाकीच्यांचे चेहरे चुन्यासारखे झाले होते. अण्णा मात्र भडकलेले. दात बसवले आणि सुरू झाले.

"याला इंजिनच नाही हो! साखळीने वर ओढतात आणि देतात सोडून. पुढची सगळी गाडी न्यूट्रलवर!"

"अण्णा, ते गुरुत्वाकर्षणावर चालतं," भाचा म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. बोरघाटात मी हे केलं असतं तर पायथ्याला येईपर्यंत चार्जशीट हातात पडलं असतं. आणि ब्रेक कुठे आहे, माहितेय? गाडीत नाही, रुळात! मग ड्रायव्हरने करायचं काय?"

गाडीत ड्रायव्हरच नसतो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. वेग, उंची, उलटं होणं, यातलं काहीच त्यांना लागलं नव्हतं. एक पद कमी केलं, हे लागलं होतं.

मंडळी पुढच्या रांगेत गेली. बाकावर बसून मोबाइल वाचायला वेळ भरपूर मिळतो, आणि त्या वाचनात मला एक दिलासा देणारी गोष्ट सापडली. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुलींना घेऊन जायचे. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर, आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसलेले. मोठ्यांनाही मुलांबरोबर काही करता येईल अशी जागा हवी, हे तिथे बसल्या बसल्या त्यांना सुचलं आणि त्यातून डिस्नेलँड निघालं. म्हणजे जगभरच्या थीम पार्कांचा उगम बॅगांपाशी बसलेल्या माणसात आहे! १७ जुलै १९५५ ला ते उघडलं तेव्हा खोटी तिकिटं घेऊन ही गर्दी घुसली, प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे बरेच नळ कोरडे राहिले आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. तो ग्रिफिथ पार्कातला बाक मात्र त्यांनी डिस्नेलँडमध्ये जपून ठेवलाय म्हणे. हे मी रात्री जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांच्याकडे बॅगा नसतील."

दुपारनंतर माझी ख्याती पसरली. आधी एका बाईंनी "काका, तुम्ही आहात ना इथे?" असं विचारून बाबागाडी लावली. 'आहे' म्हणणं हा गुन्हा आहे हे मला तेव्हा कळलं. मग कुणाची सॅक आली, कुणाचं हेल्मेट. हेल्मेट का आणलं होतं, देव जाणे. शेजारी नागपूरचे एक आजोबा होते, त्यांच्यापुढेही असाच ढीग. "आपल्याले का करा लागते जी, बसाचं फक्त!" असं म्हणून त्यांनी चिवडा पुढे केला. पलीकडच्या बाकावर सुरतचे एक भाई. आम्हा तिघांत न बोलता एक करार झाला: एकाने बाथरूमला जायचं, दोघांनी तिघांचं सामान बघायचं. दुसऱ्या कुठल्या संघटनेत मी इतकी शिस्त पाहिलेली नाही.

तेवढ्यात आमची मंडळी राजासौरसच्या होडीतून न्हाऊन आली आणि अंगावरचं सगळं पाणी कोरड्या बॅगांवर निथळलं. राजासौरस हा डायनासोर, पण कल्पनेतला प्राणी नव्हे. त्याची हाडं गुजरातेत रहिओलीजवळ सापडली, २००३ साली त्याला हे नाव मिळालं. सहा-सात कोटी वर्षं बिचारा एका जागी पडून होता, पण कुणी त्याच्यापाशी पर्स ठेवली नाही.

संध्याकाळी एका खिडकीशी राइडवरचे फोटो मिळत होते. सगळे ओरडताना, डोळे मिटलेले, सासूबाई कधी नव्हे त्या खळखळून हसताना. मेहुण्याने मोठा फोटो घेतला, सगळ्यांनी कौतुक केलं आणि फोटो धरायला माझ्याकडे दिला.

पार्किंगमध्ये प्रश्न निघाला, पुण्यापर्यंत गाडी कोण चालवणार? मेहुण्याचं डोकं गरगरत होतं. बायकोच्या पायांचे तुकडे पडले होते. अण्णांनी जाताजाता पुन्हा एकदा नायट्रो केलेला, फक्त ब्रेक नीट बघायला.

"दाजी चालवतील की," मेहुणा म्हणाला. "दिवसभर नुसते बसून तर होते."

सासूबाईंनी मान डोलावली. घाट लागला तेव्हा मागची सगळी सीट घोरत होती. अण्णा तेवढे माझ्या शेजारी ताठ बसून, नजर गिअरवर, पाय नसलेल्या क्लचवर. त्यांची कवळी दुसऱ्या फेरीपासून माझ्याच खिशात होती.

"दुशला, दावईबापू!" ते ओरडले. "दुशला ताका! आनि न्यूत्लल नको हां!"