लायसोसोम, डिटॉक्स ड्रिंक आणि नोबेलचं नाव

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाची कचरापेटी असते म्हणे, ती टॉक्सिन्सनी भरली की आजार सुरू होतात, मग अल्कलाइन पाणी आणि डिटॉक्स ड्रिंक प्या, रोज 16 तास उपाशी राहा, पेटी रिकामी होते, कॅन्सरही बरा होतो, आणि याला नोबेल पण मिळालंय. निम्मे शब्द सायन्सच्या पुस्तकातले आहेत त्यामुळे शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी कचरापेटी. लायसोसोमचं काम पचवणं आहे. 1955 मध्ये ख्रिश्चन द डूव्ह यांनी त्याला हे नाव दिलं, आत साधारण 60 एन्झाइम असतात, प्रोटीन, फॅट, डीएनए जे येईल त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे पेशी परत वापरते. खरोखर काही साचलं तर काय होतं ते पॉम्पे आजारात दिसतं. जीनमधल्या दोषामुळे बाळात फक्त एक एन्झाइम तयार होत नाही, तेवढ्याने ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) लायसोसोममध्ये साचत जातं, स्नायू ढिले पडतात, हृदय मोठं होतं. उपचार म्हणजे तेच एन्झाइम शिरेतून देतात, आणि त्यावर एक विशिष्ट साखरेची खूण असते ती ओळखून पेशी त्याला आत ओढून लायसोसोमपर्यंत पोचवते. इतकं नेमकं काम आहे हे, आणि ज्या आईबापांचं मूल यातून जातंय त्यांनी "ड्रिंकने साफ होतं" असं वाचायचं का?



आता अल्कलाइन पाणी, हा तर सगळ्यात उलटा मुद्दा. लायसोसोमच्या आत पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) 4.5 ते 5 असतो आणि बाहेर पेशीत 7.2 च्या आसपास, म्हणजे आत शेकडो पट जास्त ॲसिड, आणि ते टिकवायला पेशी एटीपी, म्हणजे तिची ऊर्जा, खर्च करून सतत प्रोटॉन आत पंप करत असते कारण ॲसिड नसेल तर ते एन्झाइम चालतच नाहीत. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध लायसोसोममध्ये शिरून तिथलं ॲसिड कमी करतं, की लगेच पचन अडतं. पाण्याचं म्हणाल तर ते पोटातल्या ॲसिडमध्येच संपतं, आणि रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि किडन्या 7.35 ते 7.45 मध्ये धरून ठेवतात.

आणि डिटॉक्स मुळात लायसोसोमचं खातंच नाही. औषधं वगैरेचं काम मुख्यतः लिव्हरच्या पेशीतल्या स्मूथ ईआरवर (पेशीतलं पडद्यांचं जाळं) पी450 नावाचे एन्झाइम करतात, पेरॉक्सिझोम या पेशीतल्या दुसऱ्या छोट्या कप्प्यात कॅटॅलेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. पॅरासिटामॉलच घ्या ना, त्याचा थोडा भाग पी450 मुळे उलट विषारी होतो, मग ग्लुटाथायोन हा पेशीतलाच संरक्षक पदार्थ त्याला पकडून निकामी करतं. ओव्हरडोस झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि तेच विष लिव्हरच्या पेशी मारतं. त्यावर हॉस्पिटलमध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, ग्लुटाथायोन परत तयार व्हावं म्हणून, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. तिथे ड्रिंक पीत बसलेला वेळ जिवावर बेततो.

नोबेल खरं आहे, 2016 चं, योशिनोरी ओसुमी यांना. त्यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून ऑटोफॅजी कशी चालते आणि त्यामागचे जीन कोणते ते शोधलं. त्यात पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून परत वापरते. माणसाने 16 तास उपाशी राहावं असं त्या कामात कुठेही नाही, कॅन्सर बरा होतो हे तर नाहीच, उलट वाढलेल्या गाठीतल्या पेशी ऑटोफॅजी वापरून स्वतः तग धरतात असंही दिसलंय. आणि इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता इतके तास काही खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे घरात असं कुणी असेल आणि त्यांना हा मेसेज आला असेल तर आजच त्यांच्याशी बोला.