फादर वाटून घेऊ, गाव नाही

आज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर नोटीस वाचली. पुढच्या महिन्यापासून आमचं पॅरिश (चर्च आणि त्याची माणसं) आणि नाल्यापलीकडचं पॅरिश एकाच फादरकडे. हे होणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यात नवल काही नाही. पण शेवटी दोन ओळी हळूच घुसवल्या होत्या. कमिटी एकच, फेस्त (गावच्या संताचा सण) एकच, बाप्तिस्मा-लग्नाची रजिस्टरं "सोयीच्या ठिकाणी". मला वाटलं आता लोक पेटणार. बाहेर येऊन बघते तर पेटलेत खरे, पण कशावर? फादर झोपणार कुठल्या गावात, यावर!

फादर नव्हे, वस्तीची बस झाली की ही. आमच्याकडे मुक्कामाला राहिली तर सकाळची पहिली खेप आमची. एकजण म्हणतो, बंगल्याला टाइल्स आम्ही घातल्या. त्या गावचा पाहुणा म्हणतो, घरं आमची जास्त. रजिस्टरांबद्दल एक शब्द नाही कुणाचा. दुपारचं जेवणही गोड लागलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आपल्याच लोकांना बोलते. फादर आणायचे कुठून? पूर्वी घरात सहा-सात पोरं, त्यातला एक फादर व्हायला सेमिनरीत जायचा. आता दोन, एक मडगावात, एक दुबईत. आपल्यातल्या किती जणांनी पोराला म्हटलंय, बाबा, फादर होतोस का? आणि पोरगा स्वतःहून म्हणाला तर "आधी डिग्री घे, मग बघू." मग ओरडायचं, फादर नाहीत म्हणून.

नियमसुद्धा जरा बघा. एका पाळकाकडे एकच पॅरिश असावं, पण फादर कमी असतील तर शेजारची दोन-तीन त्याच्याकडे देता येतात, हे चर्चच्या १९८३ च्या कायद्यातच आहे. रविवारी एका फादरने जास्तीत जास्त तीन मिस्सा करायच्या, त्याही परवानगी असेल तर. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. म्हणजे दोन गावांचं सहज बसतं. आठ वाजता तुम्हाला हवी, आठ वाजता त्यांनाही हवी, म्हणून अडलंय फक्त.

माझी आई गेली तेव्हाचं सांगते. जुलै, आपल्या बेळगावच्या खानापूरकडचा पाऊस, वेगळं वर्णन नको. रात्री तिचा श्वास लागला. ती एकच म्हणत होती, फादरना बोलवा, आजाऱ्याचं पवित्र तेल लावू दे. आमचे फादर तेव्हाही दोन गावं बघत होते, नोटीस नव्हती एवढंच. त्या रात्री मुक्काम पलीकडे. फोन लागत नव्हता. लागला तेव्हा पलीकडून एवढंच आलं, "येतो." नाल्यावरून पाणी चाललेलं. बाइक पलीकडच्याच शेतात टाकून माणूस चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तेलाची छोटी डबी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात. अंगातून पाणी निथळतंय, डबी मात्र कोरडी. आई शुद्धीत होती. पहाटे गेली.

त्या रात्री मी विचारलं नाही, फादर, तुमची वस्ती कुठे.

आता उलट बाजू, म्हणजे माझा राग. माती त्याच दिवशी द्यायची होती. फादरना लांब एका गावात लग्नाची मिस्सा होती, ते काही आईने दिवस बघून मरायचं ठरवलं नव्हतं. ते येणार तीनला. सकाळपासून आई अंगणात, मांडवावर पाऊस, माणसं खोळंबलेली. काय करायचं कुणाला कळेना. शेवटी थोरली काकी उठली, मणी हातात घेतले, रोझरी सुरू केली. मग लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना. दुपारपर्यंत तिचा आवाज थांबला नाही. त्या घरात धर्म कुणी धरून ठेवला म्हणाल तर दोघांनी, रात्री फादरने आणि दिवसा काकीने.

म्हणून मला त्या "कमिटी एकच"ची चीड येते. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, फादरच ऐकणार. आजाऱ्याला तेलही फादरच लावणार, तिथे डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा सेवक) सुद्धा चालत नाही. त्यासाठी फादर वाटून घ्यायला माझी ना नाही. पण बाकीचं? मातीच्या प्रार्थना फादर नसतील तर आपल्यातल्याच माणसाला म्हणता येतात. मग माणसं तयार करा ना! काकीसारख्यांना शिकवा, पुस्तक द्या, पुढे उभं करा. ते सोडून आमची कमिटी मोडायची, आणि उद्या कंपाउंडची भिंत पडली तरी दुसऱ्या गावाच्या मीटिंगमध्ये अर्ज करायचा?

खर्च वाचतो म्हणे. बरं, वाचतो.

फेस्ताचं तर बोलूच नका. आमच्या प्रार्थना मराठीत, त्यांच्या कोंकणीत. त्यांची गाणी आम्हाला येतात, आमची त्यांना येतात, अडत काही नाही. पण आमच्या सांताची मिरवणूक आमच्याच गल्लीतून निघणार. (कन्नडचा विषय कृपया कमेंटमध्ये काढू नका. इथे कुठल्याही गोष्टीचं शेवटी सीमाप्रश्न करतात, आज ते नको.)

आणि रजिस्टरं! तुम्हाला ती जुन्या वह्या वाटतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच त्या माणसाच्या लग्नाचीही नोंद होते. आख्खं घराणं एका पानावर सापडतं. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत माणसं कशी फिरतात ते बघितलंय ना? आमच्या आजोळची नोंद त्या कपाटात आहे. "सोयीचं ठिकाण" म्हणजे कुणाच्या सोयीचं?

मावसबहीण जर्मनीत नर्स आहे. तिथे ट्रिअर धर्मप्रांताने (एका बिशपच्या हाताखालचा भाग) ८८७ पॅरिश मोडून ३५ करायचं ठरवलं होतं. लोक रोमपर्यंत गेले आणि व्हॅटिकनने ते थांबवलं. २०२० च्या जुलैत व्हॅटिकनने लेखीच सांगितलं, धर्मप्रांतात फादर कमी आहेत एवढ्या कारणावर पॅरिश बंद करता येत नाही. आमचं बंद होतंय असं कुणी म्हटलेलं नाही, मान्य. पण कमिटी गेली, फेस्त गेलं, वह्या गेल्या, तर मागे उरलं काय? पत्रे आणि घंटा.

हे लिहिताना सकाळचा राग जरा उतरलाय. नोटीस वाचताना फादरचा चेहरा आठवतोय. त्या दोन ओळी त्यांच्या नव्हत्या, हे वाचतानाच कळत होतं. त्यांना दोन गावांत धावायचंय, वर आपलं भांडणही सोडवायचंय. आईच्या रात्री त्यांना कोरडा टॉवेल आणि गरम पेज दिली, तर माणूस पेज संपवायच्या आत उठला, कारण सहाला पलीकडे मिस्सा होती.

बुधवारी संध्याकाळी मीटिंग आहे. मी तीन गोष्टी मागणार. रजिस्टरं इथेच, फेस्त ज्याचं त्याच्याकडे, कमिट्या दोन आणि महिन्यातून एकदा एकत्र बसायचं. मिस्साची वेळ एक महिना त्यांची आठ, एक महिना आमची आठ. वस्तीचं फादर ठरवतील, त्यांची पाठ आहे. पलीकडच्या गावातले जे हे वाचतायत त्यांनीही या, तुमच्याही वह्यांचा प्रश्न आहे हा. मडगाव आणि दुबईवाल्यांनी अंगठा ठोकून पळू नका, घरी फोन करून म्हाताऱ्यांना मीटिंगला पाठवा.

आणि फादरच्या बाइकचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, आज बघितला. पावसाआधी बदलायला हवा. दोन्ही गावांनी मिळून वर्गणी काढू. पाचशे माझे लिहून घ्या.