‘अर्ध्या पोळीवर पोर कसं राहील?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यावरच्या लेखाला तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया दिलीत, ते बरं झालं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ज्युनिअर केजीतल्या मुलाच्या डब्यात मी सुचवलेली अर्धी पोळी म्हणजे उपासमार, सरकारसुद्धा शाळेच्या खिचडीत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ देतं, डब्यात शिळा भात आणि फुटाणे नकोत असं सांगून मी उगाच बाऊ केला, आणि हे सगळं नोकरी न करणाऱ्या आईसाठी लिहिलंय. शिवाय ‘एवढं करूनही आमचा डबा भरलेलाच परत येतो.’ खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. तिच्याकडे येतोच, आधी हिशेब.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरलेलं असतं. त्यातून 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. आकडा तुम्ही बरोबर दिलात, पण ते दुपारचं पूर्ण जेवण आहे. गरम, ताटात वाढलेलं, बसून खायचं. तुमच्या मुलाची शाळा साडेआठ ते साडेबारा, आणि घरी आल्यावर तो वरणभात जेवतो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सव्वादहाचा डबा ही मधली खाऊची वेळ. 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1360 किलोकॅलरी आणि 16 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या नेहमीच्या घडीच्या पोळीला 40 ग्रॅमच्या आसपास कणीक जाते; तिची अर्धी म्हणजे 70 किलोकॅलरी, वर चमचाभर तुपाचे 45, आत 20 ग्रॅम पनीर कुस्करून घातलं तर 55, सोबत अर्धं केळं 50. झाले 220. दिवसाच्या गरजेचा जवळजवळ सहावा हिस्सा. सकाळचं दूध-नाश्ता आणि दुपारी एक वाजताचं जेवण धरून याला उपासमार म्हणता येणार नाही. शाळा तीनपर्यंत असती तर मीही दोन डबे सांगितले असते, एक छोटा आणि एक जेवणाचा.

आता भरलेला परत येणारा डबा. लहान सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची असते. दप्तरातून डबा काढणं, हात धुवायची रांग, नॅपकिन पसरणं, झाकण उघडणं, शेवटी सगळं परत भरणं, हे वजा केलं की खायला आठ-दहा मिनिटं उरतात. त्यात शेजारच्याच्या डब्यात काय आहे हे बघणं आलंच! घरी भरवताना अर्धा तास लागणारी दीड पोळी तिथे संपणार कशी? सुट्टीच्या दिवशी एक करून बघा. डबा सकाळी सातला भरून ठेवा, सव्वादहाला मुलाला जमिनीवर बसवून बंद डबा हातात द्या आणि दहा मिनिटांचा गजर लावा. टीव्ही नाही, भरवणं नाही, ‘खा ना रे’ नाही. जेवढं पोटात गेलं तेवढंच शाळेच्या डब्याचं माप.

परत आलेला डबा रिकामा करण्याआधी नीट बघत जा. जसाच्या तसा असेल तर बहुतेक झाकण उघडलं नाही किंवा वेळ पुरला नाही. एकच घास तोडलेला असेल तर पोळी चिवट झाली किंवा वास बदलला. भाजी तशीच आणि पोळी गायब असेल तर भाजी हाताने उचलता येत नव्हती. ‘मूल खात नाही’ हा निष्कर्ष या तिन्हींनंतर काढायचा.

झाकणाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. चार बाजूंनी क्लिपा आणि आत रबराची रिंग असलेल्या डब्यात तव्यावरची गरम पोळी ठेवून लगेच झाकण लावलं की आत वाफ कोंडते. ती निवून पाणी झाली की आतला दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. मोठ्यांनाही ते नखाने उचकटावं लागतं. चार वर्षांचं मूल दोनदा ओढून बघतं आणि सोडून देतं. वर तेच पाणी पोळीवर ठिबकून ती कुठे चिकट, कुठे कडक होते. म्हणून पोळी जाळीवर किंवा फडक्यावर दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. कोरडा खाऊ असेल तर रिंग काढून ठेवली तरी चालतं. नाहीतरी ती चमच्याच्या दांड्याने उचकटून धुवायलाच हवी, कारण खाचेत काळी बुरशी धरते आणि डब्याला कुबट वास येतो. एका हाताने दाबून उघडणारा, एका क्लिपचा डबा या वयाला उत्तम. किंमत किंवा त्यावरचं कार्टून याला फारसा अर्थ नाही.

पोळीसाठी कणीक नेहमीपेक्षा सैल, थोडं दूध घालून भिजवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. भाजताना तव्यावर जास्त वेळ ठेवू नका, पाणी उडालं की ती वातड होणारच. उतरवल्याबरोबर तूप लावा. भाजी पूर्ण कोरडी करा. तरीही सुटी वाटली तर चमचाभर भाजलेलं बेसन पेरून दोन मिनिटं परता, म्हणजे ती धरून राहते. मग सुरळी करून दोन-दोन बोटांचे तुकडे कापा आणि जोडाची बाजू खाली ठेवून घट्ट बसवा, नाहीतर दप्तर हिंदकळून सगळं उलगडतं.

शिळ्या भाताबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ‘आम्ही फोडणीच्या भातावरच वाढलो’ हे खरं असेल, पण तो कढईतून थेट ताटलीत यायचा. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष सकाळी कितीही परतलं तरी जात नाही. त्यात तो भात आणखी तीन तास बंद डब्यात. रात्रीचाच वापरायचा असेल तर शिजल्यावर ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा आणि घरीच नाश्त्याला द्या. डब्यात नको. ओल्या खोबऱ्याची चटणीही नको, उन्हाळ्यात ती दहाच्या आत आंबते.

फुटाणे, अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं यांचंही तेच. या वयात दाढा चावायला लागलेल्या असतात, पण तोंडात घास असताना हसणं-पळणं थांबत नाही आणि श्वासनलिका अरुंद असते. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर तो नुसता अडकत नाही, त्याच्या तेलाने आतून सूजही येते. शेंगदाण्याचा कूट घाला, वर्गात कुणाला ॲलर्जी नाही हे विचारून. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करा. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि धोकाही राहतो.

वेळेचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणून एक अगदी कमी खटाटोपाचं सांगते. एका डब्याला 30 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे मूगडाळ रात्री भिजत घाला. सकाळी पाणी निथळून आल्याचा छोटा तुकडा, जिरं, मीठ घालून वाटा. पाणी बेताचंच, नाहीतर धिरडं तव्याला चिकटतं आणि उलटताना फाटतं. तवा तापल्यावर आच कमी करून चमचाभर तेलावर तळहाताएवढी दोन घाला. सात-आठ मिनिटांचं काम. फक्त डाळीतून 7 ग्रॅम प्रथिनं, दिवसाच्या गरजेच्या निम्म्याजवळ. मूगडाळ वाटूनच फ्रीजमध्ये ठेवलीत तर सकाळी मिक्सरही काढायला नको. ही धिरडी निवल्यावरही मऊ राहतात. चटणीची गरज नाही, चटणी म्हणजे दुसरी डबी आणि दुसरं झाकण.

शाळेत टीचरपेक्षा वर्गातल्या मावशींशी बोला. ‘डबा खाल्ला का?’ विचारलंत तर ‘हो, थोडा’ एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी ‘झाकण त्याने स्वतः उघडलं का, आणि घंटा झाली तेव्हा तो खात होता की खेळत होता?’ असं विचारा. आठवडाभर बघा आणि डबा वरच्या तीनपैकी कसा परत येतोय ते इथेच कळवा. झाकण कुठल्या प्रकारचं आहे तेही लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.